ठरलं की सांगतो

३ जून, सकाळी
आजपासून करिअर हा विषय गांभीर्याने घ्यायचा. बारावीचा निकाल लागल्या लागल्या वर्गातली निम्मी मेंढरं अ‍ॅडमिशन घेऊन मोकळी झाली. मी आधी रिसर्च करणार. भिंतीवर मोठा कागद चिकटवला. स्केचपेनं तीन रंगांची.

कामावर निघताना ताई दारातूनच बोलली. तिला बाहेरगावी पुढच्या शिक्षणाची सीट मिळाली आहे, पंचवीसपर्यंत कळवायचंय. पण घरात आम्ही तिघंच, आणि अर्धांगवायूनंतर बाबांना एकटं ठेवता येत नाही. तू इथल्या कॉलेजात जाणार असलास तर मी जाते, तू बाहेर जाणार असलास तर मी थांबते, काय ते सांग म्हणाली. म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. त्यात काय एवढं!

५ जून
बाबा हाताच्या व्यायामाचा रबरी चेंडू दाबत बसले होते. मला बघून म्हणाले, ठरलं? आजारापासून एखादाच शब्द बोलतात, आणि नेमका हाच स्पष्ट येतो.

९ जून
प्रत्यक्ष अनुभव हवा. शेजारच्या काकूंच्या ओळखीने डेंटिस्टकडे बसलो. पहिल्याच दाढेला मला चक्कर आली. पेशंटने उठून मला खुर्ची दिली. संवेदनशील माणसांचं हे क्षेत्र नव्हे. डेंटल लाल पेनने खोडलं. प्रगती आहे.

१२ जून
एका वकिलांबरोबर कोर्टात. बाबांजवळ थांबायला ताईने रजा काढली. दिवसभर बाकावर बसलो, संध्याकाळी पुढची तारीख मिळाली. वकील म्हणाले, आमचं असंच चालतं. असा वेळ वाया घालवणं मला जमणार नाही. खोडलं.
बाबा : ठरलं?

१५ जून
ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट दिली. निकाल : निर्णयक्षमता कमी. टेस्ट अगदीच भिकार. पुन्हा दिली, या खेपेला उत्तरं नीट दिली, म्हणजे जी द्यायला हवीत ती. निकाल : नेतृत्वगुण. हे पटलं.

१८ जून
ताईने माळ्यावरची बॅग काढली, पुसली, उन्हात ठेवली. मग विचारलं, काही ठरतंय का रे? मी भडकलो. म्हटलं, अति घाई संकटात नेई, हा माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. तिने बॅग दुसऱ्या बाजूने उन्हात फिरवली. काकू बोलल्या, त्यांना कोण विचारतंय? म्हणे, तिलाही एक आयुष्य आहे. ते काय मला माहीत नाही?

बॅग तिच्या कॉटखाली आहे. पाय लागतो.

२४ जून
आज निकाल लावायचाच होता. हिरवं स्केचपेन वाळलं. हिरव्याशिवाय तुलना कशी करणार? शिवाय पंचवीस म्हणजे अगदी पंचवीसच असं थोडंच असतं. ऑफिसवाले दोन दिवस इकडेतिकडे धरतात.

२५ जून
मित्राने गाठलं. त्याच्या करिअरबद्दल मार्गदर्शन केलं. चार तास. त्याला फार फायदा झाला.

२६ जून
ताईने बॅग परत माळ्यावर ठेवायला सांगितली. स्टूल घेऊन मीच ठेवली. घरातली जड कामं शेवटी माझ्याच गळ्यात.

२७ जून, दुपारी
ठरलं!!! कॉमर्स, इथलंच कॉलेज. तीन आठवड्यांच्या रिसर्चचं चीज झालं. धावत स्वयंपाकघरात गेलो. ताई भांडी घासत होती. म्हटलं, आता तू खुशाल जा, बाबांना मी बघतो.

चांगलं केलंस म्हणाली. मग म्हणाली, मी परवाच नाही म्हणून कळवलं.

म्हटलं, मग मला एकदा बोलायचंस तरी! ती हसली. ते हसू मला आवडलं नाही. नळ चालूच होता, मी बंद केला. तिने परत सोडला.

काकूंना कळलंच. वरातीमागून घोडं, म्हणाल्या.

२७ जून, संध्याकाळी
बॅग मी स्वतः वर ठेवली. स्वतःच्या हाताने. दुपारपासून तेच डोक्यात आहे. लाज वाटते.

बाबांनी आज विचारलं नाही. मी वाट पाहिली. शेवटी मीच म्हटलं, बाबा, ठरलं.

त्यांनी चेंडू दाबायचा थांबवला. स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि अगदी स्पष्ट म्हणाले, कुणाचं?