चोवीस बटणांचा खुलासा

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून डीव्हीडीचं काम. काल दादानं हिला फोन केला. माझ्याशी बोलला नाही, पण निरोप दिला: आईची ती जुनी टेप असेल तर पाठव, तिचा आवाज ऐकायचाय. तीस मार्चला तिचा वाढदिवस, तोवर मिळाली तर बरं. आई जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून दादाकडून आलेला हा पहिला शब्द.
फिल्म बावीस मिनिटांची. दुकानदारानं टेपवरून कॉम्प्युटरवर उतरवून दिली आहे. म्हणजे खरं काम झालंच. उरला फक्त मेनू, म्हणजे डिस्क लावल्यावर टीव्हीवर पहिलं पान येतं ते. दोन तास फार झाले. पुढच्या रविवारी कुरिअर.
कॉम्प्युटर आईच्या खोलीत हलवला. खोली रिकामीच होती. काही वाटलं नाही.

५ फेब्रुवारी
मेनूवरच दादाला खुलासा द्यायचं ठरवलं. फोनवर माणसं मध्येच बोलतात. लेखी असलं की मुद्दे सुटत नाहीत. पाणी खात्यात सव्वीस वर्षं नोटिसा लिहितोय, माझ्या मसुद्याला साहेब हात लावत नाहीत, नुसती सही करतात. एकदा पाणी बंदची नोटीस पाणी परत आल्यावर लागली, पण तो दोष झेरॉक्सवाल्याचा.

९ फेब्रुवारी, रविवार
खुलासा तयार. चार पानं, नऊ मुद्दे.
दुपारी ३. सॉफ्टवेअर शीर्षकात तीस अक्षरं घेतं. एकतिसावं दाबलं की टुंग वाजतं.
दुपारी ४. एंटर मारला की दुसरी ओळ येत नाही, चौकटच बंद होते.
दुपारी ५. अक्षर लहान करता येत नाही. जागचं हलवता येत नाही. पार्श्वभूमीचे फुगे नको म्हणून ढग निवडले, तर लिहिलेलं सगळं पुसून ‘येथे शीर्षक लिहा’ परत आलं. केलेलं रद्द करायची सोय नाही.
कुरिअर पुढच्या रविवारी.

१२ फेब्रुवारी
दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, फुकटातलं सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘आई’ लिहा आणि मोकळे व्हा. त्याला म्हटलं, विषय नाजूक आहे. तो म्हणाला, मग पत्र पाठवा. धंदेवाईक माणूस, त्याला काय कळणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
चार पानांचं एक पान केलं. एका पानाचा एक परिच्छेद. मुद्दा पाच, हॉस्पिटलमधले अकरा दिवस, तो मात्र कमी होत नाही.
घटनाक्रम असा. आईला दाखल केलं त्याच दिवशी दादाला कळवायचं मी ठरवलं होतं. पण तो लांब, एकटा वाचणार, घाबरणार. म्हणून निरोप जपून लिहायला घेतला. ‘गंभीर’ म्हणावं की ‘चिंताजनक’, यात दोन दिवस गेले. मग डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, म्हणून नव्यानं लिहिला. मग सुधारणा गेली. नवव्या दिवशी पाठवला. निरोप उत्तम होता. दादा बाराव्या दिवशी सकाळी पोचला. आई अकराव्या दिवशी गेली.
यात हलगर्जीपणा कुठे आहे? उलट काळजीच आहे. मला तेव्हा रडू आलं नाही, अजूनही येत नाही, याचा अर्थ लोक भलताच काढतात.

१९ फेब्रुवारी
ही म्हणाली, अहो, ‘चुकलं माझं’ एवढंच लिहा की, मावतं. मावणं हा निकष नाही, असं तिला समजावलं. ती भाजी निवडायला निघून गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार
युक्ती सापडली! शीर्षकात तीसच अक्षरं, पण मेनूवर बटणं असतात, आणि प्रत्येक बटणावर पंधरा अक्षरं लिहिता येतात. एका पानावर सहा बटणं. पानं हवी तितकी. अट एकच: प्रत्येक बटणाला फिल्मचा एक तुकडा लागतो. म्हणजे तुकडे वाढवा, बटणं वाढतील. खुलाशाला चोवीस बटणं पुरतात.
बावीस मिनिटांचे चोवीस तुकडे केले. घड्याळ लावून, दर पंचावन्न सेकंदाला एक. आई खुर्चीत बसून शर्टाला बटणं लावते आहे. तोंड हलतं. अकराव्या तुकड्यात तिचा हात सुईसकट वरच राहिला.
आवाज बंद ठेवतो. तो चालू असला की मजकुरावर लक्ष लागत नाही.

२ मार्च, रविवार
पहिलं पान झालं. ‘दादा, मी मुद्दाम’, ‘काही केलं नाही’ आणि पुढची चार. छान बसलंय. पण तिसऱ्या बटणात एक शब्द बदलला तर पुढची सगळी सरकतात आणि एकेक हातानं परत लिहावी लागतात. आज एकच शब्द बदलला. पाच तास गेले.

९ मार्च, रविवार
चोवीस तुकडे सलग नीट चालतात का, हे टीव्हीवर पाहायचं होतं. मेनू दरवेळी आडवा येत होता. सेटिंगमध्ये ‘मेनू वगळून थेट चालवा’ सापडलं. टिक केली. ‘संपल्यावर पुन्हा सुरू करा’ वरही केली. तात्पुरती. तुकडे कळत नाहीत, फिल्म सलग चालते.
सोफ्यावर बसून, आवाज बंद ठेवून, तीन फेऱ्या बघितल्या. ही दारात उभी होती. आवाज वाढवा ना जरा, म्हणाली. म्हटलं, चाचणी चालू आहे.

१६ मार्च, रविवार
‘खेद’ की ‘दिलगिरी’? खेदाला कमी जागा लागते. पण खेद आम्ही पाइपलाइन फुटल्यावर वापरतो.

२३ मार्च, रविवार
आज पाठवलीच असती. पण पार्श्वभूमीचे ढग आनंदी वाटले. साधा निळा रंग निवडला. चोवीसच्या चोवीस बटणं कोरी झाली. पुसलं जाणार हे मला ठाऊक होतं. तरी दाबलं. का दाबलं, सांगता येत नाही.

३० मार्च, रविवार
आईचा वाढदिवस. सतरा बटणं झाली. दादाचा फोन आला नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. चांगल्या कामाला वेळ लागतो, हे दादालाही समजेल.

५ एप्रिल
चोवीस पूर्ण! कॉम्प्युटरवर चारही पानं वाचली. सव्वीस वर्षांतला सर्वोत्तम मसुदा. शेवटचं बटण: ‘तुझाच, धाकटा’. डिस्क काढली. एकदा टीव्हीवर लावून बघा, असं ही म्हणाली. म्हटलं, माझ्या मसुद्याला पुन्हा तपासणी लागत नाही. कुरिअर केलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. भूक लागली फक्त.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी ११. दादाचा फोन, माझ्याच नंबरवर. सहा महिन्यांनी. मी खुलाशाची प्रत समोर घेऊन बसलो.
दादा म्हणाला, मेनूबिनू काही ठेवला नाहीस, हे फार चांगलं केलंस. डिस्क घातली की थेट आई. संपली की परत आई. रोज संध्याकाळी लावतो.
ती तात्पुरती टिक.
तो पुढे म्हणाला, बाराव्या मिनिटाला काय आहे, तुला आठवत असेलच. नाही म्हटलं. त्यानं सांगितलं. आई दोरा तोडते आणि कॅमेऱ्याकडे बघून विचारते, थोरल्याला कळवलंस का रे, मी पडले होते ते? कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो: कळवतो गं, लिहितोय. आई म्हणते, लिहितोस कसला, नुसतं बोल की त्याच्याशी. आणि हसते.
हे सांगताना दादाही थोडा हसला. मी खुलाशाची घडी घालत होतो, ती नीट बसत नव्हती.
शेवटी त्यानं विचारलं, झालं ते झालं, तू इकडे कधी येतोस?
मी म्हटलं, कळवतो.