समुद्री दगड घासले त्याची गोष्ट

मैलूर, श्रावण सोमवार, संध्याकाळ

आज पंप, नळ्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले समुद्री दगड आले. सगळे मिळून सहा हजार रुपयांचे. खाऱ्या पाण्याच्या माशांसाठी ह्यांनी काचेच्या टाकीखाली पाणी गाळायची दुसरी टाकी, 'संप' म्हणतात ती, मांडली. दगड बुळबुळीत, वास मारणारे, आणि शेजारीच देवघर! हे जेवायला बसले तेवढ्यात मी ते कढत पाण्यात चिंच लावून देवाच्या तांब्यासारखे घासले.

जेवून उठल्यावर ह्यांनी ते पाहिले. "अगं, कामून घासलेस? पाणी साफ करणारे जीव त्या बुळबुळीतच ऱ्हात्यात!"

सोमवारी, माझ्या हातानं, इतके जीव गेले. तेवढी बुळबुळ मला का सोसली नाही?

हे रागावले न्हाईत. दुकानदाराला फोनवर म्हणाले, "चूक माझ्याच हातून झाली, अण्णा. मासे आत्ता पाठवू नका. दुसरे दगड कधी निघतील, तेवढं कळवा."