आठ नावांची परवानगी

यशवंतपूर, बेंगळुरू
१७ जानेवारी २०२६

ती. सौ. आसावरीवहिनींस,
प्रणिताचा साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोचला. वड्या यंदा अंमळ कडक झाल्यात, आमच्या ह्यांची कवळी थोडक्यात वाचली. चव मात्र नेहमीची. विलासअण्णाची शुगर कशी आहे? त्याला चोरून लाडू देऊ नका. तो मागणारच, माझाच भाऊ आहे.

फोन सोडून ही बाई कागद का काळे करतेय, असं वाटेल तुम्हाला. एक तर फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. आणि मेसेज केला की तो जसाच्या तसा लेकीला पुढे ढकलता. हे पत्र आर्याला दाखवायचं की नाही, ते पुरतं वाचून ठरवा.

तर आर्याच्या नावेतल्या डोहाळजेवणाचं सगळं जमलं. पुढच्या रविवारी, पंचवीस तारखेला, रथसप्तमीला. पौष संपल्याशिवाय नको म्हणाला होतात, तसंच केलंय. तुम्ही दोघं शुक्रवारी सकाळी बेळगावच्या गाडीनं इथं यशवंतपूरला उतरा, हे स्टेशनवर येतील. शनिवारी सगळे रेल्वेनं चेन्नईला मुक्कामी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सातवा महिना आहे, लांबचा रस्ता नको, रेल्वे चालेल. रविवारी पहाटे तिथून दोन तास गाडीनं, की धक्का आला.

जागा तुम्ही पाहिलेली नाही म्हणून सांगते. अलीकडे खाऱ्या पाण्याचं सरोवर, पलीकडे समुद्र, आणि मधे कोसभर लांब वाळूची पट्टी. तेच बेट. समुद्राचा सगळा मार ते बेट खातं, म्हणून अलीकडचं पाणी ताटात ओतल्यासारखं शांत. कंबरभर खोल, त्यामुळे पोटुशीला घेऊन जायला भीती नाही. आमच्या महिला मंडळाच्या बायकांना मी तीनदा नेलंय, नावाडी नरसिंह माझ्या ओळखीचा आहे. थंडीत रोहित पक्षी उतरतात, त्यामुळे ढोलकी नाही, स्पीकर नाही. नुसत्या तोंडानं गाणी चालतात. फुलांचे दागिने चालतात, फक्त एकही पाकळी मागे टाकायची नाही. दुपारी वारा सुटायच्या आत परतायचं.

जेवणाचं मी बघते. पाच तऱ्हांचे भात, कडबू, दपाटी, वाटीखालचा पेढा आणि बर्फी. हिरवी साडी तुम्ही आणा, आईकडचीच हवी. आर्याला गर्द हिरवा शोभत नाही, पोपटी बघा.

आता परवानगीचं. एका नावेत आठच माणसं. प्रत्येकाचं नाव आणि आधार नंबर दहा दिवस आधी भरायचा, एका दिवशी एका गटाला एकच होडी, आणि यादी एकदा गेली की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. यादी परवा, गुरुवारी गेली. आर्या, जावईबापू तनय, त्याची आई स्मिताताई, आपला अण्णा, डोहाळे म्हणायला मंडळातल्या विठाबाई आणि त्यांच्या दोघी सुना. आणि मी.

मोजा हवं तर. आठच होतात.

विसरले नाही, वहिनी. संक्रांतीला दारात भाजीवाल्याकडून मटार घेत होते, तेव्हा तुमचा मेसेज आला. "तू सगळं किती हौसेनं करतेयस गं. फक्त ओटीच्या वेळी तेवढी मागे रहा. पहिलटकरीण आहे, ओटी लेकुरवाळीनंच भरावी, समजून घे हं." खाली दोन हात जोडलेले. भाजीवाला "अक्का, सरी का, एवढे पुरे?" म्हणून तीनदा विचारत होता, मला ऐकूच आलं नाही. मटार तिथंच टाकून आत आले.

समजून घे! अठ्ठावीस वर्षांपूर्वीही हाच शब्द होता.

माझी मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली, तेव्हा तुम्हाला आर्याच्या वेळचा सहावा महिना लागला होता. मी माहेरी होते. दूध आटत नव्हतं, छाती बांधून झोपायची. तरी तुमच्या डोहाळजेवणाला सगळ्यांत जास्त राबले ते मी. बाज उलटी करून, पुठ्ठे लावून नाव केली, तिला शीड शिवलं, आठ दिवस बोटं सुईनं भोसकून घेतली. मला वाटलं, एवढं केलं की निदान एक मूठ तांदूळ तुमच्या पदरात घालू देतील. आणि तुम्ही आईला म्हणालात, "प्रणिताची सावली नको पडायला." आईनं मला कोठीत बसवलं. मी चुकून बाहेर येईन म्हणून दाराला कडी घातली ती मात्र तुम्ही. फटीतून तुमचा हिरवा चुडा दिसला मला. बाहेर मी शिवलेल्या शिडाखाली बसून तुम्ही गाणी ऐकलीत, आणि मी तांदळाच्या पोत्यावर बसून ऐकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो काय असतो ते मला विचारा.

कधी बोलले नाही. अण्णाचं घर मोडू नये, आर्याला आत्या दुरावू नये. नोकरी लागल्यावर दोन वर्षं ती माझ्याकडेच राहिली, लग्न होऊन सर्जापूर रोडला जाईपर्यंत तिचा डबा मी भरला. तेव्हा माझी सावली चालली तुम्हाला. कामापुरता मामा!

आता खरं सांगते. मेसेज आला नसता तर यादीत तुमचं नाव होतं. विठाबाईंची धाकटी सून काठावर थांबणार होती. मी तुमचं खोडलं आणि तिचं घातलं. आर्याला म्हटलं, "आईला नावेत मळमळतं, तीच नको म्हणाली." पोर रडवेली झाली. "आईशिवाय कसं गं आत्या? आपण रद्दच करू." तेव्हा मी यादी पाठवायची थांबले, खोटं कशाला बोलू. पण तुमचे ते जोडलेले हात पुन्हा उघडून पाहिले आणि यादी पाठवून दिली. वाईट वाटलं ते पोरीसाठी. तुमच्यासाठी तिळाएवढं नाही.

शेवटी आर्याच म्हणाली, "मग पहिली ओटी तू भरायचीस, आत्या. आईच्या जागी." मी हो म्हटलं.

तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाही. धक्क्यावर पत्र्याची शेड आहे, बाकडं आहे. पंखा नाही, पण सकाळी वारा असतो, आणि तो बेटाकडून काठाकडे वाहतो, तेव्हा विठाबाईंचा आवाज तुमच्यापर्यंत स्वच्छ येईल. न आलात तर आर्या कारण विचारेल. भांडलात तरी विचारेल. मळमळ खोटी आहे हे तिला खुशाल सांगा, मी अडवणार नाही. पण मग मी तुमचं नाव का खोडलं, हेही सांगावं लागेल, आणि ती गोष्ट कोठीच्या कडीपासून सुरू होते. ती तुमची लेक आहे, मधेच सोडणार नाही, शेवटपर्यंत विचारत राहील.

तेव्हा उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका. पोपटी साडी तेवढी आठवणीनं आणा आणि धक्क्यावर माझ्या हातात द्या.

अण्णाला नमस्कार.

तुमच्या लेकीची पहिली ओटी भरणारी,
प्रणिता