लाल मफलरचा पट्टा

मंगळवार, दिवेलागणीला

आज कुत्री धरायची गाडी आली. ज्याच्या गळ्यात पट्टा न्हाई ते मोकाट, असं गाडीवाला म्हणाला. आमचा मोत्या मेंढरं राखतो, त्याला पट्टा कुठला? पण त्याला नेला तर रानात लांडग्याला कोण अडवणार? हे नांदूरघाटच्या बाजाराला गेलते. मी खुंटीवरचा त्यांचा लाल मफलर ओढला आणि मोत्याच्या गळ्यात बांधला.

"हा पट्टा हाय?"

"पट्टाच हाय. जरा लांब हाय," मी म्हणलं.

ते ऐकून शेजारच्या सगुणावहिनीनं तिच्या कुत्रीला परकराची नाडी बांधली. मग गल्लीभर तेच सुरू झालं. कुठं रिबीन, कुठं साडीचा काठ. मफलर मात्र एकट्या मोत्यालाच. लई रुबाबात बसलता.

राहिला बांड्या. सगळ्या गावाला चावणारा. तो जावा असं मला मनातून वाटत होतं. वाटू नये का?

"ह्यो कुणाचा?" गाडीवाल्यानं विचारलं.

"आमचा," सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या पदराची चिंधी फाडून त्याला बांधली. गाडी रिकामीच गेली.

मी म्हणलं, "आत्याबाई, मागं तुमच्याच पोटरीला चावलता न्हवं?"

"चावला म्हणून काय झालं? वळखीचा हाय."

आता बांड्या आमच्या उंबऱ्यात आडवा पडलाय. हे बाजारातून आलेत, पण तो त्यांना घरात येऊ देत न्हाई. बाहेरून विचारतायत, "कुणाचं कुत्रं हाय हे?"

आत्याबाई झोपल्याचं सोंग घेऊन पडल्यात.