वगळलेला प्रश्न

बुलढाणा, बुधवार, संध्याकाळ

आज खोटं बोलले. तेही लीलाकाकूंशी.

स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंगची, म्हणजे लोकांच्या उत्तरांमधले संबंध आकड्यांत मांडायची, कार्यशाळा आज संपली. देऊळघाटच्या बायकांनी माझ्या सर्वेक्षणात दिलेल्या उत्तरांवर माझं मॉडेल काही केल्या बसेना. ‘घरात तुमचं ऐकतात का?’ हा एकच प्रश्न बाकीच्यांशी जुळत नव्हता. सर म्हणाले, “असं का होतंय, याचा आधी विचार करा.” मी केला नाही. सगळ्यांचं झालं होतं, माझंच अडलं होतं. प्रश्न काढून टाकला. मॉडेल बसलं, टाळ्याही मिळाल्या.

मग बसस्टँडवर लीलाकाकू, त्या बायकांपैकीच एक. भाजी विकून गावी निघालेल्या.

“काय निघालं वं आमच्या उत्तरातून?”

“चांगलं निघालं, काकू.”

“आन् तो घरच्याइचा सवाल? घेतला ना?”

त्या प्रश्नाला काकांना बाहेर पाठवलं होतं त्यांनी. मग हळूच ‘नाही’ म्हणाल्या होत्या. काकांना बाहेर पाठवून दिलेलं उत्तर, आणि मी ते...

“घेतला ना.”

“बरं झालं माय. पहिल्यांदाच कोनाले सांगतलं म्या.”

उरलेली वांगी त्यांनी माझ्या पिशवीत टाकली. मला नको म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं.