गोपनीय पेटी क्रमांक दोन

१८ मे, सोमवार
ऑफिसात गोपनीयता आणायची. ठरलं.

आमच्या हळद संघाच्या आखाडा बाळापूर शाखेत फॅक्स आला म्हणजे दवंडी पिटली. कागद ट्रेमध्ये पडायच्या आत शिपाई सखुबाई उचलते आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचते. मागच्या महिन्यात माझी रजा मंजूर झाल्याचा फॅक्स तिने असाच वाचला, 'मूळव्याध' या शब्दावर चांगला जोर देऊन. बाहेर पोती उतरवणाऱ्या हमालांनीही तब्येत विचारली.

ईमेलचं नाव काढायची सोय नाही. अध्यक्षांचा त्याच्यावर विश्वास नाही. सही दिसत नाही म्हणतात.

खरं कारण इथेच लिहितो. हिंगोलीच्या मुख्य कार्यालयात वरिष्ठ लिपिकाची एक जागा निघाली आहे. मी गुपचूप अर्ज केलाय. मुलाखतीचं पत्र फॅक्सने येणार. घर हिंगोलीत, नोकरी बाळापुरात, अकरा वर्षं सकाळी सातची एसटी. घरी पोचतो तेव्हा जेवणाची वेळ झालेली असते. मुलगी साक्षी यंदा दहावीला. हिंगोलीला आलो की रोज संध्याकाळी गणित शिकवीन, असा तिला शब्द दिला आहे. शाखाप्रमुख राठोड साहेबांना कळलं तर सोडणार नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या शीतल मॅडमना कळलं तर त्याही अर्ज करतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

२० मे, बुधवार, दुपारी ४
मशीनचं मॅन्युअल वाचून काढलं. पान १ ते ९ आणि ११२. त्यात प्रत्येकाच्या नावाची कॉन्फिडेन्शियल पेटी करता येते! पाठवणाऱ्याने आमच्या फॅक्स नंबरनंतर सब-अ‍ॅड्रेस, म्हणजे पेटीचा क्रमांक, दाबायचा. मग कागद बाहेर पडत नाही, मशीनच्या पोटात राहतो आणि दिवा लुकलुकतो, सगळ्या पेट्यांना मिळून एकच. मालकाने पासवर्ड टाकला की छापून निघतो आणि पोटातून पुसला जातो. सोपं आहे. अर्ध्या तासाचं काम.

२१ मे, गुरुवार
मशीन दिवसभर चिनी भाषेत. साहेबांना सांगितलं, सिक्युरिटी अपडेट चालू आहे.

२२ मे, शुक्रवार
अजून चिनी.

२५ मे, सोमवार
सिस्टीम तयार. पेटी १ साहेब, २ मी, ३ शीतल मॅडम. सखुबाई विचारायला लागली, माहा डबा काहून न्हाई? तिला फॅक्स कोण पाठवणार? पण रुसली. दिली ४ नंबरची.

पासवर्ड चार आकडी लागतो. लोक विसरतात, म्हणून मीच तोडगा काढला. प्रत्येकाने सर्व्हिस बुकातली आपली जन्मतारीख टाकायची, आधी दिवस, मग महिना. स्वतःची जन्मतारीख कोण विसरतो? साहेब म्हणाले, सोमेश्वरराव, डोकं हाय तुमाला. मी नाही म्हटलं नाही.

परिपत्रकही काढलं, साहेबांच्या सहीने. दुसऱ्याचा कागद चुकून हाती आल्यास न वाचता फाडून टाकावा. पेट्यांविषयी आपसात बोलू नये. बोलल्यास खुलासा द्यावा लागेल.

२८ मे, गुरुवार
मुख्य कार्यालयाला पेट्यांचे क्रमांक कळवले. हट्टा शाखेतून टेस्ट फॅक्स मागवला. तिथल्या माणसाने सब-अ‍ॅड्रेस दाबलाच नाही. कागद उघड्यावर पडला आणि सखुबाईने वाचला: सोमेश्वररावांचं गुप्त पत्र, मिळाल्याचं कळवा. हमाल आत येऊन हसून गेले. दोष पाठवणाऱ्याचा. आपली सिस्टीम निर्दोष आहे.

१ जून, सोमवार
साहेबांचा, माझा आणि सखुबाईचा वाढदिवस. दरवर्षीप्रमाणे तिघांत एक केक. आमच्या वेळी शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख विचारायची तकलीफ घेत नसत. अख्ख्या गावाला १ जून. शीतल मॅडम तेवढ्या दवाखान्यात जन्मलेल्या, त्यांची तारीख खरी. केक चांगला होता. मी दोन तुकडे खाल्ले. पेटी रिकामी.

३ जून, बुधवार
एसटी वाटेत पंक्चर. ऑफिसात साडेअकराला पोचलो. आत शिरतो तोच साहेबांनी हातातला एक कागद न वाचता टराटरा फाडून टोपलीत टाकला. शिस्त रुजते आहे. ऊर भरून आला.

मशीनचा दिवा अजून लुकलुकत होता. शीतल मॅडमनी पेटी ३ ला पासवर्ड टाकला, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सखुबाई मान उंचावून दमली. काही दिसलं नाही. याला म्हणतात सिस्टीम!
माझी पेटी रिकामी. मुख्य कार्यालयाचा कारभार म्हणजे कासव.

८ जून, सोमवार
शीतल मॅडमनी बुधवारची रजा टाकली. खाजगी काम. मी काय काम म्हणून विचारलं नाही. नियम म्हणजे नियम.
मुलाखतीसाठी नवा शर्ट शिवायला टाकला. साक्षीला म्हटलं, गणिताचा पहिला धडा काढून ठेव. ती म्हणाली, मागच्या वर्षीपण तुमी हेच म्हणले होते.

११ जून, गुरुवार
शीतल मॅडमनी पेढे आणले. म्हणाल्या, सर, तुमी काल मुलाखतीला काहून आले न्हाई? यादीत तुमचं नाव होतं. मला वाटलं, पुन्हा तब्येत बिघडली. त्यांनीही अर्ज केला होता. गुपचूप. जागा त्यांना मिळाली.

मुख्य कार्यालयाला फोन केला. म्हणाले, ३ तारखेला पेटी दोनला पत्र पाठवलंय, तुमच्या मशीनने पोचल्याचा ओके रिपोर्टही दिलाय.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी दिवा लुकलुकून राहिला होता, मला वाटलं माझंच काही आलं. एक दाबलं, रिकामं. दोन दाबून माझी तारीख टाकली तर कागद बाहेर. वर तुमचं नाव. मंग न वाचता फाडला. परिपत्रक तुमचंच व्हय ना?

सखुबाई म्हणाली, माह्या तारखेनं तर तिन्ही डबे उघडतात, मी पहिल्याच दिवशी पाहिलं. फक्त मॅडमचा उघडत न्हाई. मग काहून सांगितलं नाहीस? तर म्हणे, बोलायचं न्हाई म्हणून तुमीच लिवलं ना.

आपलेच दात, आपलेच ओठ. पेढा घेतला. गोड लागला नाही.

१२ जून, शुक्रवार
फेरमुलाखतीसाठी अर्ज लिहायला बसलो. कारण काय लिहायचं? तीन कागद फाडले. नवा शर्ट आला. बाहीला आखूड आहे.

१५ जून, सोमवार, रात्री
शीतल मॅडम हिंगोलीला रुजू झाल्या. त्यांचं काम तूर्त माझ्याकडे, त्यामुळे आज सहाची एसटी हुकली. त्यांना खोली आमच्याच गल्लीत मिळाली, माझ्या बायकोने, साधनाने शोधून दिली. मॅडमचं बीएस्सी गणितात झालंय. साधनाने शब्द टाकला आणि त्या रोज संध्याकाळी साक्षीला शिकवायला तयार झाल्या.
घरी पोचलो तेव्हा त्या शिकवून गेल्या होत्या. साक्षी खूश होती. पहिला धडा संपला म्हणाली.