छातीचं ऑपरेशन

१७ ऑगस्ट १९७८
बनियनवर पुन्हा लाल ठिपका. सौ. म्हणते, ढेकूण रोज एकाच जागी चावत नाही. बोट लावून पाहिलं तर उजवीकडे छातीच्या बोंडाखाली वाटाण्याएवढं कडक काहीतरी. "उद्या दवाखान्यात चाला. मी संग येते, नाही तर तुम्ही सदर बाजारात चहा पिऊन वापस याल." ओळखून आहे मला.

१८ ऑगस्ट
रांग सगळी बायांची. सिस्टरने सौ.ला हात धरून आत नेलं, मला म्हणाली, यजमानांनी बाहेर थांबायचं. सौ.चा आतून आवाज, पेशंट तर बाहेर बसले आहेत. अख्खी रांग माझ्याकडे वळली. खाली मान घालून आत गेलो.
सर्जन उमदा माणूस. काखेतही दाबून पाहिलं. तुकडा काढून तपासायला धाडणार.

२६ ऑगस्ट
कॅन्सरच. पुरुषांना क्वचित होतो, डॉ.नी इतक्या वर्षांत मोजकेच पाहिलेत. मग इलाज कशावरून ठरवणार, मी विचारलं. "तुमच्यासाठी वेगळं पुस्तक नाही, मास्तर. बायांचं वाचूनच तुम्हाला दुरुस्त करायचं आहे."
तिथे हसलो. बाहेर आल्यावर उलट्याच दिशेने चालू लागलो. सौ.ने रिक्षा केली. भीती वाटते आहे, फार.

४ सप्टेंबर
शाळेत रजा मागायला गेलो. मु.अ.नी कारण विचारलं. तो शब्द काही जिभेवर येईना. छातीचं ऑपरेशन म्हणून मोकळा झालो. त्यांनी पाणी मागवलं, जिना चढू नका म्हणाले. म्हणजे हार्ट समजले. समजू दिलं. फाटकाशी थांबलेल्या सौ.ला सांगितलं तर घरी येईपर्यंत "हार्टवाले सर" म्हणून चिडवत होती.

१५ सप्टेंबर, हॉस्पिटल
ऑप. झालं. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर पहिलीतल्या पोराचं. उजवीकडचं सगळं गेलं, खालचा स्नायू, काखेतल्या गाठीसुद्धा.
दुर्मिळ केस म्हणून शिकाऊ डॉक्टरांचा घोळका येतो. आयुष्यभर वर्ग मी घेतला, आता वर्ग माझ्यावर. एकाचे हात बर्फासारखे. त्याला आधी हात चोळायला लावले, मग पाहू दिलं.

२४ सप्टेंबर
रिपोर्ट. काखेतल्या एका गाठीत सापडलं, बाकी साफ. म्हणून जखम भरली की रेडिएशनचे शेक घ्यायचे. त्यानंतर? डॉ. म्हणतात, पाहत राहू. निदान खोटं बोलत नाहीत.
तोवर उजव्या हाताची बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची. खांद्यापुढे जात नाहीत. फळ्यावर तारीख कोण लिहील...

८ ऑक्टोबर, नंदनवन
घरी. स्टाफ येऊन जातो, संत्री आणि हार्टचे सल्ले. आज पी.टी.चे वानखेडे आले. मी भिंतीशीच उभा.
"सर, हार्टवाल्यानं भिंतीवर काहून चढावं?"
सौ. पदराआड हसायला लागली. मग सांगूनच टाकलं. स्तनाचा कॅन्सर, वानखेडे. शब्द निघाला एकदाचा. छप्पर काही पडलं नाही.
वानखेडे मात्र उठले. चहा तसाच ठेवून गेले. किळस आली असेल. वाईट वाटलं.

९ ऑक्टोबर
संध्याकाळी वानखेडे पुन्हा हजर. बसेनात. एरवी बनियनवर मैदान गाजवणारा माणूस आज उकाड्यात कोट घालून. सौ. आत गेल्यावर म्हणाले, "सर, मलेबी तिथंच लागते एक गोटी. वर्ष झालं. बायकोलेबी नाही सांगितलं."
सगळ्याच गाठी तशा नसतात, डॉ.चंच वाक्य मी त्यांना ऐकवलं. खरं काय ते तपासल्यावरच. उद्या माझा शेक आहे, संगच चला म्हटलं. छाती दुखते म्हणून सांगू काय, त्यांनी विचारलं. म्हटलं नाही, नाही तर हार्टच्या रांगेत बसवतील. तेव्हा हसले.
सौ.ही येणार म्हणते. सिस्टर उद्या पुन्हा तिलाच आत ओढेल. वानखेडेंना बजावलंय, पेशंट कोण विचारलं की हात वर करायचा. कसा ते करून दाखवलं. माझा उजवा कानापर्यंत गेला.